तिसरी घंटा वाजतच नाही

(ठाण्यात तलावपाळीजवळच्या एका छोट्या हॉलमध्ये झालेलं बोलणं, थोडं कापून-जोडून)

तर मंडळी, आधी एक विचारतो. गडकरी रंगायतनला नाटक नेमकं कधी सुरू होतं? माझ्या मते तिसऱ्या घंटेला. पहिल्या घंटेला आपण बटाटावडा संपवत असतो, दुसरीला खुर्ची शोधतो, आणि तिसरी झाली की मोबाईल बंद करून मनातल्या मनात कबूल करून टाकतो की आता दोन-अडीच तास समोर जो मरेल तो काही खरा मरणार नाहीये. मी जे करतो, हेडफोनवरचं नाटक, त्यात ही घंटाच नाही. सगळी मजा तिथेच आहे आणि सगळा घोळपण.

कानाने नाटक ऐकणं आपल्याला नवीन नाही, आकाशवाणीच्या श्रुतिका तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी ऐकल्या असतील. पण तेव्हा रेडिओ कपाटावर आणि आई खाली भाजी निवडतेय, त्यामुळे घोडा धावला तर तो कपाटावरच धावायचा. हेडफोनमध्ये तो तुमच्या मानेमागून जातो. कसं, तर उजवीकडचा आवाज डाव्या कानाला फार तर ०.६-०.७ मिलिसेकंद उशिरा पोचतो, थोडा दबलेला, शिवाय कानाच्या पाळीच्या वळ्या त्याला जरा बदलतात, आणि तेवढ्यावरून मेंदू सांगतो हाक कुठून आली. म्हणून माणसाच्या डोक्याचा पुतळा घेतात, त्याच्या दोन्ही कानांत माईक बसवतात आणि ते रेकॉर्डिंग जसंच्या तसं तुमच्या दोन कानांत सोडतात. याला बायनॉरल म्हणतात. आमच्याकडे पुतळ्याचे पैसे नव्हते, सो मी स्वतःच्याच कानांत बारके माईक घालून तलावाला फेऱ्या मारल्या, एका फेरीत शिंकलो, तर ती शिंक आजही ऐकणाऱ्याला स्वतःचीच वाटते!

इंग्लंडमधली डार्कफील्ड नावाची मंडळी हे शिपिंग कंटेनरमध्ये करतात. आत मिट्ट काळोख, तुम्ही खुर्चीवर, कानाला हेडफोन, आणि कोणीतरी अगदी शेजारी येऊन कुजबुजतं. भारी आहे, पण मला ते थोडं सोपं वाटतं, कारण काळोख झाला की आपण ओळखतो की हा शो आहे. काळोख हीच त्यांची घंटा. जॅनेट कार्डिफ नावाची कॅनडाची कलाकार १९९१पासून जे करतेय ते जास्त अवघड, ती तुम्हाला भर उजेडात चालायला लावते. ज्या रस्त्यावर तुम्ही चालणार, त्याच रस्त्यावर तिने आधी चालून रेकॉर्ड केलेलं असतं, तिची पावलं, तिथलीच गर्दी, त्यामुळे मागून गाडी आली तर ती आत्ताची की तेव्हाची हे कळायला वळूनच बघावं लागतं.

आमचं नाटक याच जातीचं. तलावपाळीला संध्याकाळी ७ वाजता, रेकॉर्डिंगपण त्याच वेळचं. कान पूर्ण बंद करणारे हेडफोन मुद्दाम घेतले नाहीत, एक तर रस्ता क्रॉस करायचाय, आणि दुसरं म्हणजे बाहेरचा खरा हॉर्न आत झिरपायलाच हवा, तो आमचा फुकटचा नट आहे. गोष्ट साधी, एक बाई तिच्या हरवलेल्या भावाला शोधतेय आणि तुम्ही तिच्यासोबत चालताय.

लोक विचारतात, खोटं खरं वाटून कोणी घाबरलं तर? मग १९३८च्या अमेरिकेतल्या रेडिओ नाटकाचं उदाहरण येतंच, ऑर्सन वेल्सचं, मंगळावरून हल्ला झाल्याच्या बातम्यांसारखं केलेलं. काही लोक घाबरले हे खरं, पण अख्खा देश रस्त्यावर आला वगैरे पेपरवाल्यांनी फुगवलेलं असं आता अभ्यासक म्हणतात. मला भीती वाटते ती उलट्या गोष्टीची, आणि ती इथेच, आमच्या चौथ्या शोला कळली. कट्ट्यावर एक आजोबा चक्कर येऊन खाली बसले, खरे आजोबा, आणि आमचे तीन प्रेक्षक हेडफोन लावून त्यांच्यासमोर उभे राहून बघत होते. अगदी मन लावून. एकीने तर मान तिरकी केली, आपण चांगला अभिनय बघताना करतो ना, तशी. पाणी घेऊन धावला तो भेळवाला, कारण त्याच्या कानात काहीच नव्हतं.

आजोबा पाच मिनिटांत सावरले, भेळवाल्यालाच ओरडले की शर्ट भिजवलास. पण मला त्या रात्री झोप लागली नाही. तीन चांगली माणसं होती ती, आणि मीच त्यांना शिकवलं होतं की आजूबाजूचं सगळं नाटक समजा.

मग ठरवलं की घंटा पाहिजेच. सुरुवातीला एक, शेवटी एक, आणि मध्ये काही झालं तर आमची मुलगी हातातली घंटा वाजवेल, म्हणजे नाटक बंद. पहिल्याच ट्रायलला कौपिनेश्वराच्या देवळातली घंटा वाजली आणि निम्मे लोक हेडफोन काढून उभे. बरं, रेकॉर्डिंगमध्येपण तीच घंटा पाच-सहा वेळा होती, ती पुसत बसलो आठवडाभर. शेवटी घंटा सोडून दिली. आता पिवळी टोपी घातलेली मुलगी समोर येते, खांद्याला हात लावते आणि स्वतःच्या तोंडाने म्हणते, "काका, थांबा, हेडफोन काढा." मागच्या रविवारी एका काकूंनी हेडफोन काढला, तिच्याकडे नीट बघितलं आणि हळूच विचारलं, "तूच का गं ती बहीण?"