'स्ट्राइक' या क्रियापदाचे मूळ

मंडळी, इंग्रजीतील 'स्ट्राइक' हे क्रियापद आपण शाळेत 'मारणे, प्रहार करणे' या अर्थाने शिकतो आणि तो अर्थ बरोबरच आहे. परंतु तेवढ्यावर विसंबून इंग्रजी वाचणाऱ्याची पुष्कळदा फसगत होते. खलाशी शीड 'स्ट्राइक' करतात म्हणजे ते खाली उतरवतात. कारकून यादीतले नाव 'स्ट्राइक' करतो म्हणजे त्यावर काट मारतो. लढाईत हरलेले जहाज निशाण 'स्ट्राइक' करते म्हणजे शरण जाते. यांपैकी कशातही प्रहार नाही.

याचे कारण असे की, जुन्या इंग्रजीत या धातूचा अर्थ हलकेच हात फिरवणे, गुळगुळीत करणे आणि पुढे सरकणे असा होता. कुरवाळणे या अर्थाचा 'स्ट्रोक' हा शब्द त्याच कुळातला आहे. जर्मन भाषेतले त्याचे भावंड तर हात फिरवणे, रंग लावणे आणि खोडणे हे तिन्ही अर्थ आजही सांभाळून आहे. फटका देण्याचा अर्थ इंग्रजीत नंतर, चौदाव्या शतकाच्या सुमारास रुळला. धान्य मोजताना मापावरची शीग सपाट करण्यासाठी जी काठी फिरवीत, तिलाही 'स्ट्राइक' म्हणत. काठी मापाच्या कडांवरून सरकते, वरचे दाणे गळून पडतात आणि माप काठोकाठ उरते. नाव खोडणारी लेखणीही कागदावरून अशीच सरकते. माझ्या मते या क्रियापदाचा गाभा समजून घ्यायला याहून चांगले उदाहरण नाही.

कामगारांचा 'स्ट्राइक'देखील शिडांशी जोडलेला आहे. 1768 साली लंडनच्या खलाशांनी मजुरीच्या मागणीसाठी जहाजांची शिडे उतरवून ठेवली. शीड नाही म्हणजे प्रवास नाही, आणि प्रवास नाही म्हणजे मालकाचा व्यापार ठप्प. जहाजावरची ही क्रिया पुढे काम बंद ठेवण्याचे सर्वसाधारण नाव झाली. 1982 साली मुंबईच्या गिरणगावात सुमारे अडीच लाख कामगारांनी जे केले, त्यालाही इंग्रजीत हेच नाव मिळाले. आपण त्याला 'संप' म्हणतो, आणि शेजारच्या गुजरातीत 'संप' म्हणजे एकोपा. इंग्रजी शब्दाने काम थांबवण्याची कृती टिपली, तर आपल्या शब्दात ती करणाऱ्यांची एकजूट आहे.

आगकाडी ओढण्यालाही इंग्रजीत 'स्ट्राइक'च म्हणतात. तिथे घासणे आणि फटका हे दोन्ही अर्थ इतके जवळ येतात की, वेगळे काढणे कठीण व्हावे. 'स्ट्रिकन' या जुन्या धातुसाधिताचे मात्र तसे नाही. 1611 च्या इंग्रजी बायबलमध्ये अब्राहाम आणि सारा यांचे वर्णन 'वेल स्ट्रिकन इन एज' असे आहे. आजचा वाचक त्याचा अर्थ वार्धक्याने गांजलेले असा लावतो, कारण दुःख, रोग, दारिद्र्य यांनी ग्रासलेल्यासाठीच हा शब्द आता उरला आहे. पण तिथे पुढे सरकण्याचा मूळ अर्थ आहे. ती दोघे वयात बरीच पुढे गेलेली होती, एवढेच ते वाक्य सांगते.