देवमासा लांबीने मोजू नका

पत्रिकेत विषय छापलाय, 'देवमाशांच्या जाती आणि त्यांचे आकार'. त्यावर येतोच. आधी एक राग काढून घेतो.

ते तक्ते तुम्ही पाहिले असतील. वर निळा देवमासा, खाली फिन, मग बोहेड, स्पर्म, हंपबॅक, सगळे एका रेषेला नाक टेकवून. कोपऱ्यात एक पाणबुड्या, त्याला कोणी विचारलेलंही नसतं. (हशा) असा एक तक्ता संग्रहालयात पाहून मी तिथल्या माणसाशी वाद घातला होता. फिन 25 मीटरपर्यंत वाढतो, बोहेड 18 च्या आसपास थांबतो, म्हणून तक्त्यात फिन दुसरा. अहो, फिन सडपातळ! बोहेड म्हणजे नुसता घेर, चरबीचाच थर जवळजवळ अर्धा मीटर. दोघंही 70-80 टनांच्या घरात, आणि दांडगा बोहेड फिनला मागेही टाकतो. अंगाची ठेवण तीच ठेवून लांबी दुप्पट केली, तर वजन आठपट होतं. हे आपण शाळेत शिकलो आणि परीक्षेनंतर तिथेच सोडून आलो.

गंमत अशी की देवमाशांची तुलना ऐवजावरून केली ती त्यांना मारणाऱ्यांनी. आंतरराष्ट्रीय देवमासे आयोगाच्या काळात अंटार्क्टिकच्या शिकारीची मर्यादा जातीनुसार नव्हती, 'निळा देवमासा एकका'त होती. एक निळा म्हणजे दोन फिन, अडीच हंपबॅक किंवा सहा सेई. हिशेब तेलाचा. अडीच हंपबॅक! उरलेला अर्धा कुठे पोहत होता कोण जाणे. (हशा) 1946 मध्ये हंगामाची मर्यादा ठरली 16,000 एककांची. आता तुम्ही जहाजाचे कप्तान आहात असं समजा. एका निळ्यामागे धावलात की अख्खं एकक पदरात पडतं, मग दोन फिनच्या मागे कोण लागेल? निळे घटले तशी पाळी फिनवर आली, मग सेईवर. हे एकक सुटलं ते 1972 मध्ये. मोजमाप बरोबर असून काय उपयोग, बघा.

चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं उरलीत. म्हणजे मूळ विषय आता सुरू. (हशा)

भराभर सांगतो. सगळ्यात जड निळाच: 1947 साली दक्षिण महासागरात पकडलेल्या मादीची नोंद 190 टनांची आहे. एवढं धूड तुकडे करून तोलतात, त्यात रक्त वाहून जातं, हे धरून चाला. निळा, फिन, हंपबॅक यांच्यात मादी मोठी. स्पर्ममध्ये उलट: नर 16 मीटर आणि 40 टनांच्या वर, मादी 11 मीटर, जेमतेम 15 टन. एकाच जातीत तिपटीचा फरक! तक्त्यात मात्र नेहमी नरच. त्याच स्पर्मचा नातेवाईक, बुटका स्पर्म, पावणेतीन मीटरही होत नाही.

निळा आणि स्पर्म यांच्या आकारात एवढा फरक का, तर खाण्यावरून. निळा एका घासात क्रिलचा, म्हणजे कोळंबीसारख्या बारीक जिवांचा, थवाच्या थवा गिळतो, त्यामुळे जबडा मोठा तेवढा घास मोठा. स्पर्म खोल अंधारात माकूळ एकेक करून पकडतो, तिथे अंग वाढवण्याला लवकर मर्यादा येते.

राहिला पेरू देशात जीवाश्मरूपात सापडलेला प्राचीन देवमासा, पेरुसेटस. 2023 मध्ये मणके, फासळ्या वगैरे पाहून वजन 85 ते 340 टन सांगितलं, म्हणजे निळ्याचं सिंहासन डळमळलं. 2024 मध्ये दुसऱ्यांनी ते 60 ते 114 वर आणलं. कवटी मिळालेली नाही, तेव्हा भांडायला जागा भरपूर आहे. माइक मागतायत, देतो.