वर्गणी भरून आग विझवणारे

मंडळी, बसून घ्या. पत्रिकेत विषय छापलाय, ‘स्वयंसेवी अग्निशमन दल : इतिहास, ठाणी, गाड्या आणि आपल्याकडची शक्यता’. त्यातलं शेवटचं कलम मला सगळ्यात जवळचं आहे. पण तिथं जायचं तर आधी चिलीला जावं लागेल.

८ डिसेंबर १८६३. राजधानी सांतियागोतलं ‘ला कोम्पान्यिया’ चर्च. मेरीमातेचा सण, संध्याकाळची वेळ, आत मुंगीला शिरायला जागा नाही. गर्दी मुख्यतः बायकांची. हजारो दिवे, कापडी सजावट, कागदी फुलं. एका दिव्यानं पेट घेतला आणि ज्वाळा बघता बघता लाकडी छताला भिडल्या. त्या काळच्या फॅशनचे घेरदार झगे एकमेकींत अडकले, दाराशी माणसांचा ढीग झाला आणि दार असून बाहेर पडायला वाट उरली नाही. दोन हजारांहून जास्त माणसं गेली. तेव्हा अख्ख्या सांतियागोची वस्ती लाखाच्या आसपास होती. म्हणजे शोक नाही असं घर शोधावं लागलं असेल.

आता पुढचं ऐका, मी हे जिथं बोलतो तिथं सांगतोच. तीन दिवसांत होसे लुईस क्लारो नावाच्या एका तरुणानं वर्तमानपत्रात निवेदन दिलं : ज्यांना अग्निशमन दल काढायचंय त्यांनी भेटायला या. १४ तारखेला बैठक झाली, २० तारखेला दल स्थापन झालं. आगीपासून बारा दिवस! आपल्याकडे बारा दिवसांत चौकशी समितीच्या अध्यक्षाचं नावसुद्धा ठरत नाही. (हसू नका, खरं आहे.) वालपाराइसो बंदरात असं दल १८५१ पासूनच होतं, त्यामुळे नमुना डोळ्यांसमोर होता. पण नमुना असणं वेगळं आणि नातेवाइकांचं सुतक फिटायच्या आत उठून उभं राहणं वेगळं.

त्या चर्चच्या घंटांचीही एक हकीकत आहे. मोडतोडीतल्या घंटा विकल्या गेल्या आणि त्यांतल्या तीन पार वेल्समधल्या स्वान्सीजवळच्या एका चर्चमध्ये पोचल्या. २०१० मध्ये चिलीच्या स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीला त्या सांतियागोला परत आल्या. वेल्सच्या लोकांनी त्या दिल्या, याचं मला फार अप्रूप वाटतं.

तर दल. त्याच्या तुकड्या म्हणजे ‘कंपन्या’. साधारण आपल्या गल्लीतल्या मंडळांसारख्याच : प्रत्येकीची स्वतःची इमारत, बोधवाक्य, इतिहास आणि अभिमान. जर्मन, इटालियन, फ्रेंच, इंग्रज अशा स्थलांतरितांनी आपापल्या कंपन्या काढल्या. सांतियागोच्या फ्रेंच कंपनीचं नाव आजही ‘पोंप फ्रांस’. अधिकारी सभासदच मत देऊन निवडतात. आणि मुख्य गोष्ट, सभासद पगार घेत नाहीत, उलट दरमहा वर्गणी भरतात. वकील, गवंडी, विद्यार्थी सगळे. पगारी असतो तो बहुतेक ठाण्यातला चालक. जंगलातल्या वणव्यांसाठी सरकारची पगारी पथकं वेगळी आहेत, पण शहरातली आग, अपघात, रसायनांची गळती हे काम या लोकांचं. रात्री तरुण सभासद ठाण्यातच झोपतात आणि घंटा झाली की निघतात. ठाण्याच्या भिंतीवर हुतात्म्यांच्या तसबिरी असतात. सांतियागोचा पहिला हुतात्मा खेर्मान तेन्देरिनी. म्युनिसिपल थिएटरच्या आगीत गेला, १८७० साली. तारीख पुन्हा ८ डिसेंबर. थिएटरशेजारच्या रस्त्याला आज त्याचं नाव आहे.

आपण सगळे १४ एप्रिल १९४४ विसरत नाही. मुंबईची व्हिक्टोरिया गोदी, ‘फोर्ट स्टिकिन’ जहाज, कापसाच्या गासड्या आणि त्याच जहाजात स्फोटकं. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. वालपाराइसोत १ जानेवारी १९५३ ला, नववर्षाच्या पहाटे, लाकडाच्या वखारीची आग विझवताना शेजारच्या गोदामातली स्फोटकं उडाली आणि ३६ अग्निशामक गेले. आपले पगारी, त्यांचे स्वयंसेवक. मरण तेच. म्हणून स्वयंसेवक म्हणजे हौशी, असं कुणी म्हटलं की माझा संताप होतो.

किती वाजले? दहा मिनिटं? बरं. गाड्यांचं थोडक्यात : आधी हातपंप, सभासदच दोरांनी ओढत न्यायचे, मग वाफेचे पंप, मग मोटारी. आज पाण्याची, शिडीची, बचावाची, रसायनांची अशा निरनिराळ्या गाड्या.

आता आपलं. नगरपालिकेचा बंब तालुक्याच्या गावी. वाडीवरच्या गोठ्याला आग लागली तर तो पोचेपर्यंत पहिला अर्धा तास शेजाऱ्यांचाच असतो. ऊस पेटला की साखर कारखान्याचा बंब बोलवा म्हणून फोनाफोनी. आमच्या गावात एकदा बंब वेळेत आला आणि गल्लीच्या तोंडाशी लावलेल्या मोटारसायकलींनी अडवला. बघे मोबाइल उंच करून उभे, गाड्या बाजूला करायला कुणी नाही. ते घर वाचलं असतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की जवानांच्या नोकऱ्या कमी करून फुकटची माणसं आणायची नाहीत. रिकाम्या जागा भराव्यातच. त्यांच्या जोडीला मोठ्या गावांत प्रशिक्षित तुकडी हवी. साधनं आणि विमा सरकारचा, वेळ गावकऱ्यांचा. चिलीत स्वयंसेवकांसाठी २०१२ साली स्वतंत्र कायदा झाला. आपल्याकडे १९४६ साली मुंबई प्रांतात होमगार्ड उभे राहिले, म्हणजे गणवेशातला स्वयंसेवक आपल्याला नवा नाही. सुरुवात ट्रॅक्टरच्या टँकरवर बसणारा पंप, दोन-तीन होज, हेल्मेट आणि महिन्यातून एक कवायत एवढ्यावर होईल. विहिरी आणि शेततळी कुठं आहेत, पाइप किती लांब लागेल, कुठल्या वाटेनं बंब आत येईल, याचा नकाशा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवा. त्याला निधी लागत नाही, येत्या ग्रामसभेत ठराव घेता येतो. ठरावाचा मसुदा मी आणलाय, त्या टेबलावर ठेवलाय. जाताना एकेक प्रत घेऊन जा.