दार वाजवणारी माणसं

मित्रहो, शहरातल्या माणसांसाठी आपण ख्रिस्ती लोक काय करतो, या विषयावर मी बोलणार असं कळल्यावर आमच्या धर्मग्रामातल्या, म्हणजे पॅरिशमधल्या, एका ज्येष्ठ गृहस्थांनी मला यादीच काढून दिली. विल्सन कॉलेज, १८३२. सेंट झेवियर्स कॉलेज, १८६९. खाली शाळा, दवाखाने, वसतिगृहं. ही यादी खरी आहे आणि मला तिचा अभिमान आहे. पण २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात आपण ख्रिस्ती माणसं जेमतेम एक टक्का. आपल्या पूर्वसुरींनी उभारलेल्या इमारतींकडे बोट दाखवून आज आपण काय करतो आहोत, याचं उत्तर मिळत नाही. आज मला त्याच उत्तराबद्दल बोलायचं आहे.

मी मूळची वसईची. लहानपणी आमच्या आळीत रविवारच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, एखादी बाई दिसली नाही, की संध्याकाळी कोणीतरी तिच्या ओटीवर हजर. "काय गं, बरं नाही का?" एवढाच प्रश्न. मग तापाचं कळायचं, नवऱ्याच्या दारूचंही कळायचं. यात चोंबडेपणा नव्हता असं नाही. पण आळीत चार दिवस कोणी अंथरुणाला खिळून आहे आणि कोणाला पत्ताच नाही, असं होत नसे. पुढे लग्न होऊन मी मुंबईच्या उपनगरात सातव्या मजल्यावर राहायला आले. तिथे समोरच्या घरातले आजोबा वारले ते मला दहाव्या दिवशी वॉचमनकडून कळलं. त्या दिवशी मला फार लाज वाटली. रोज लिफ्टपाशी भेटणारा माणूस.

शहरात माणूस असा नजरेआड होतो. त्याची विचारपूस करायची जुनी सवय धर्मसमूहांकडे असते. ही सवय शहरात कशी रुजली, त्याचा मला सगळ्यात आवडणारा दाखला म्हणजे गोयंकारांची कूड.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचा गोव्यातला तरुण डोळ्यांसमोर आणा. त्याला बोटीवर नोकरी हवी आहे, खलाशाची नाहीतर भटारखान्यातली. त्यासाठी मुंबई गाठायची आणि बोट मिळेपर्यंत कधी आठवडे, कधी महिने इथेच काढायचे. हातात पैसे नाहीत, ओळख नाही. मग गावागावांनी वर्गणी काढून धोबीतलाव, माझगाव या भागांत खोल्या घेतल्या. त्यांना म्हणायचं कूड. गावाच्या माणसाला नाममात्र भाड्यात तिथे पथारी मिळायची. भिंतीलगत ट्रंकांची रांग. तारवटी, म्हणजे खलाशी, बोटीवर गेला की ट्रंक तिथेच राहायची आणि तो परत येईपर्यंत ती ट्रंक हाच त्याचा मुंबईतला पत्ता. एका बाजूला वेदी, तिच्यावर गावच्या संताची मूर्ती. संध्याकाळी सगळ्यांनी मिळून तेर्स म्हणायचा, म्हणजे जपमाळेची प्रार्थना. तो चुकवायचा नाही, असा नियम.

या नियमाकडे मी कित्येक वर्षं केवळ भक्ती म्हणून पाहत होते. नंतर ध्यानात आलं, की तेर्साला कोण नाही हे रोज संध्याकाळी सगळ्यांना दिसायचं. फलाणा कुठे गेला? आजारी आहे का? नोकरी मिळाली नाही म्हणून गुत्त्यात जाऊन बसला का? प्रार्थना आणि हजेरी एकाच वेळी व्हायची. धोबीतलावच्या जेर महाल इमारतीत अशा कुडी आजही आहेत. माणसं कमी झाली, ट्रंका मात्र दिसतात. कूड आपल्या गावापुरती होती, आपल्या लोकांपुरती होती, हे तिचं बळ आणि हीच तिची मर्यादा.

ही मर्यादा ओलांडायचा विचार पॅरिसमध्ये झाला. साल १८३३. आदल्या वर्षीच्या कॉलऱ्यात तिथे हजारो माणसं मेली होती. फ्रेडरिक ओझानम नावाचा विद्यार्थी, वय वर्षं वीस, मित्रांच्या चर्चामंडळात ख्रिस्ती धर्माचं समर्थन करत असे. विरोधकांपैकी एकाने त्याला विचारलं, तुमच्या धर्माने पूर्वी काय केलं ते ठाऊक आहे, आज या शहरातल्या गरिबांसाठी तुम्ही काय करता? ओझानमला ते लागलं. तो आणि त्याचे मित्र सिस्टर रोझाली यांच्याकडे गेले. पॅरिसच्या गरीब वस्तीत त्या वर्षानुवर्षं काम करत होत्या. त्यांनी मुलांना घरांचे पत्ते दिले आणि दार कसं वाजवायचं, आत गेल्यावर कसं बसायचं हे शिकवलं. संत व्हिन्सेंट डी पॉल यांच्या नावाने चालणारी संस्था त्यातून उभी राहिली. आज ती जगभर आहे, आपल्या बऱ्याच धर्मग्रामांत आहे. मी तिच्यात आहे.

आमच्या बैठकीत एक कापडी थैली फिरते. प्रत्येकाने मूठ झाकून हात आत घालायचा आणि झाकलेलाच बाहेर काढायचा. कोणी पाचशे टाकले, कोणी काहीच टाकलं नाही, हे कोणाला कळत नाही. त्या पैशांतून औषधं येतात, शाळेची फी भरली जाते. पण मुख्य काम म्हणजे गृहभेट. दोघांनी मिळून जायचं, एकट्याने नाही. आणि बसायचं. दारातून पिशवी देऊन परत फिरायचं नाही.

पुनर्वसनाच्या एका इमारतीत चौदाव्या मजल्यावर एक आजी राहतात. आधी बैठ्या वस्तीत होत्या, भाजी विकायच्या. उंबऱ्यात बसलं की दिवसभर माणसं दिसायची. आता दोन्ही बाजूंना बंद दारं आणि मधे दिवसाही अंधार असलेला लांबलचक पॅसेज. लिफ्ट बरेचदा बंद, म्हणजे आजीही घरात बंद. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी दाराची साखळी काढलीच नाही. फटीतून विचारलं, "वर्गणीवाले का?" नाही म्हटलं. "मग धर्माचं सांगायला आलात?" मी म्हटलं, "नाही आजी, तुम्हाला बघायला आलो." त्या थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या आणि मग साखळीचा आवाज आला.

त्यांना पैसे नको होते. रेशन दुकानातलं यंत्र त्यांचा अंगठा घेत नव्हतं. आयुष्यभर माती आणि पाणी, बोटांच्या रेषाच झिजून गेलेल्या. दोन महिने धान्य नाही आणि चौदा मजले उतरून पुन्हा जायचं बळ नाही. आम्ही त्यांना रिक्षाने नेलं. तिसऱ्या खेपेला एकेक बोट पुसून, दाबून पाहिलं, तेव्हा डाव्या हाताचं मधलं बोट लागलं. परतताना रिक्षात त्या ते बोट उजव्या मुठीत धरून बसल्या होत्या. आजी विठ्ठलाच्या. भिंतीवर विठोबा-रखुमाई आहेत, आणि आम्ही निघताना त्या आमच्या हातावर बुक्का नाहीतर साखर ठेवतात. मला त्यात माझ्या श्रद्धेला बाधा येण्यासारखं काही दिसत नाही.

"धर्माचं सांगायला आलात?" हा प्रश्न मात्र आपण मनावर घेतला पाहिजे. लोकांच्या मनात ही शंका आहे, आणि ती भाषणांनी जाणार नाही. इथे मला नागपाड्याची आठवण होते. अमेरिकन मराठी मिशनतर्फे क्लिफर्ड मॅन्सहार्ट १९२५ मध्ये मुंबईत आले. धर्मशास्त्र शिकलेला माणूस. पण १९२६ साली नागपाड्याच्या दाट वस्तीत त्यांनी काढलं ते शेजारघर, म्हणजे सगळ्या शेजाऱ्यांसाठीचं सेवाकेंद्र, नागपाडा नेबरहूड हाऊस. मुसलमान, यहुदी, हिंदू, ख्रिस्ती असा सगळा शेजार. त्या कामातून त्यांना दिसलं, की शहरातल्या दुःखाला चांगुलपणा पुरत नाही, शिकून तयार झालेली माणसं लागतात. म्हणून टाटा विश्वस्तनिधीच्या साहाय्याने १९३६ मध्ये समाजकार्याची शाळा सुरू झाली, तीही त्या शेजारघरातच. आजची टाटा समाजविज्ञान संस्था ती हीच. देशभर पसरलेल्या शिक्षित समाजसेवकांच्या परंपरेचं एक मूळ असं नागपाड्याच्या गल्लीत आहे, आणि आपल्यातल्याच कितीतरी जणांना हे माहीत नाही.

आता थोडं कडू बोलते. माझ्या माहितीतल्या एका चर्चचं मैदान पूर्वी संध्याकाळी वस्तीतल्या सगळ्या पोरांना खुलं असायचं. एके वर्षी पेव्हर ब्लॉक बसवले, मोटारी लावायची सोय केली आणि फाटकाला कुलूप घातलं. पोरं आता रस्त्यावर खेळतात. या निर्णयावर एकही बैठक तापली नाही याचं मला दुःख आहे. मीही तेव्हा गप्प बसले होते. दुसरी गोष्ट जातीची. अहमदनगर (आताचं अहिल्यानगर), जालन्याकडून आलेली दलित ख्रिस्ती कुटुंबं आपल्या शहरांत आहेत. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे त्यांना अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत, म्हणून आपण मोर्चे काढतो, काढलेच पाहिजेत. पण त्यांच्या मुलामुलींशी सोयरीक जुळवायची वेळ आली की आपण त्यांचं मूळ गाव विचारतो, आणि ते कशासाठी विचारतो हे त्यांनाही कळतं. आपलंच दार असं अर्धवट लावलेलं असताना दुसऱ्याचं वाजवायला जायचं, तर तोंड खाली घालूनच जावं लागतं.

तरी दारं उघडी आहेत, हेही सांगायला हवं. १९८१ साली फादर जो परेरा यांनी बांद्र्यात व्यसनाधीन माणसांसाठी कृपा फाउंडेशन सुरू केलं, त्याला चर्चचाच आसरा होता. मुंबईत कितीतरी ठिकाणी संध्याकाळी चर्चच्या शाळेतला एखादा वर्ग अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाच्या, सभेसाठी उघडतात. मी एकदा त्यांच्या खुल्या सभेला गेले होते. दुसरीच्या मुलांचे बुटके बाक, फळ्यावर सकाळचे पाढे तसेच. गुडघे पोटाशी घेऊन बसलेली पन्नाशीची माणसं एकेक करून उठत होती आणि फक्त पहिलं नाव सांगून बोलत होती. एका गृहस्थांनी सांगितलं, दारू सोडून आज नव्वद दिवस झाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांचा धर्म कोणी विचारला नाही, त्यांनी सांगितला नाही. चर्चने दिलं होतं काय? एक खोली, एक ट्यूबलाइट आणि चहाची किटली.

आमच्या गटात सध्या नऊ जण आहेत आणि पत्ते चाळीसच्या वर. त्यातले निम्म्याहून जास्त पत्ते ख्रिस्ती नसलेल्या घरांचे. पायऱ्या चढू शकतील अशी तरुण माणसं हवी आहेत. येणाऱ्यांनी ख्रिस्तीच असावं अशी माझी अट नाही. येत्या रविवारी दुपारी साडेचारला आम्ही चर्चच्या मागच्या फाटकापाशी जमतो आहोत. पहिली भेट चौदाव्या मजल्यावरच्या आजींची आहे. लिफ्ट चालू असेल असं धरू नका.