भरलेला पोहरा पाण्यात हलका का?

श्रोतेहो, नमस्कार.

ज्यांनी आडाचं पाणी शेंदलंय, त्यांच्या हातांना ही गोष्ट नक्की आठवत असेल. पोहरा बुडबुड करत भरला, दिसेनासा झाला. ओढायला लागलं तर दोर असा सैल, जणू खाली काही बांधलेलंच नाही. पण पोहऱ्याचा काठ पाण्याबाहेर आला रे आला, की दोर हाताला काचलाच. आमच्या बीडकडच्या आडावर आजी म्हणायची, "आत्ता खरा पोहरा लागला." मग आत असताना त्या पाण्याचं वजन जात कुठं होतं?

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं आपण म्हणतो. आज मात्र आडात काय चालतं ते पोहऱ्यालाच विचारू.

पोहऱ्यातल्या पाण्याला वजन तर आहेच. तरी ते खाली जात नाही, याचा अर्थ भोवतालचं पाणी त्याला तोलून धरतंय. ते असं, की पाण्यात जेवढं खोल जावं तेवढा दाब वाढतो. साधारण 10 मीटर खोलीवर नुसत्या पाण्याचा दाब आपल्या डोक्यावरच्या अख्ख्या हवेच्या दाबाएवढा होतो. कुठलीही वस्तू पाण्यात घाला, तिचा तळ माथ्यापेक्षा खोल असणार. त्यामुळे खालून बसणारा रेटा वरून बसणाऱ्या रेट्यापेक्षा जास्त. या दोहोंत जो फरक उरतो, तो वस्तूला वर ढकलतो. शाळेच्या पुस्तकात त्याला प्लावक बल म्हटलंय.

आता खरी गंमत ऐका. 10 लिटरचा पोहरा आहे असं धरा. तेवढं पाणी मनातल्या मनात काढून घ्या आणि त्या जागी नेमका तेवढ्याच आकाराचा आपला काळा दगड ठेवा. भोवतालच्या पाण्याला आत कोण आलंय हे कळतं का? अजिबात नाही. ते आपलं आधीसारखंच 10 किलोचा रेटा लावत राहतं. 10 लिटर काळा पाषाण भरेल 28 किलोच्या आसपास. 28 समोर 10 चा काय टिकाव? दगड बुडाला. पण बुडालेला असतानाही तो 18 किलोचाच लागतो. विहिरीतला गाळ काढणाऱ्यांना हे सांगायला नको. आता त्याच जागी पांगाऱ्याचा वाळलेला ओंडका ठेवा. तो जेमतेम तीन-चार किलोचा, आणि रेटा मात्र 10 चाच. ओंडका उसळून वर येतो, आणि त्याच्या वजनाएवढं पाणी बाजूला सारण्यापुरताच आत राहतो.

म्हणजे जड किती, हलकं किती, एवढ्यावर भागत नाही. किती पाण्याची जागा अडवली, ते बघावं लागतं. लोखंडाची कढई तरंगते आणि त्याच लोखंडाचा गोळा तळाला जातो, तो यामुळेच. कढई आपल्या पोकळीमुळं स्वतःच्या वजनाएवढं पाणी दूर सारू शकते, गोळ्याला ते जमत नाही. तिला भोक पडू द्या, मग बघा.

ही गोष्ट सव्वादोन हजार वर्षांपूर्वी सिराक्यूजच्या आर्किमिडीजनं मांडली. तो न्हाणीतून उघडाच पळत सुटला, ही गोष्ट मात्र त्याच्यानंतर सुमारे दोनशे वर्षांनी लिहिली गेली. मास्तर लोकांना ती फार आवडते, कारण पोरं हसतात. मीही सांगायचो.

पाणी बदललं की हिशोबही बदलतो. पेरणीच्या तोंडावर बाजरीचं बियाणं मिठाच्या पाण्यात का टाकायला सांगतात? 10 लिटर पाण्याला 2 किलो मीठ. मिठानं पाणी जड होतं. भरलेला दाणा त्याहूनही जड, तो खाली बसतो. अरगट या बुरशीच्या रोगाच्या गाठी आणि पोचट दाणे वर येतात, ते काढून टाकायचे. खालचं बी स्वच्छ पाण्यानं दोन-तीनदा धुवायचं, सावलीत वाळवायचं. साध्या पाण्यात हीच निवड नीट होत नाही. हलक्या पाण्यात रोगट गाठीही दाण्यांबरोबर तळाशी जाऊन बसतात.

दूध संकलनाच्या ठिकाणी दुधात तो काचेचा लॅक्टोमीटर, म्हणजे खुणा केलेली तरंगती नळी, सोडतात, त्याचंही मर्म हेच. एक लिटर पाणी 1000 ग्रॅमचं, एक लिटर म्हशीचं दूध सुमारे 1030 ग्रॅमचं. दुधात पाणी घातलं की ते हलकं होतं आणि नळी जास्त बुडते. चोरी पकडली! पण थांबा. साय दुधापेक्षा हलकी असते, म्हणून साय काढली की उरलेलं दूध जड होतं. मग साय काढायची आणि बेतानं पाणी घालायचं, की काटा पुन्हा जागेवर. म्हणून तर फॅट वेगळं तपासतात. आर्किमिडीजच्या राजाला सोनारानं मुकुटाच्या सोन्यात चांदी मिसळून फसवलं म्हणतात, आपल्याकडचे काही गडी त्या सोनाराला शिकवतील.

आता जिवाशी गाठ असलेली गोष्ट. छातीत श्वास भरला की माणसाचं शरीर पाण्यापेक्षा किंचित हलकं असतं, श्वास सोडला की जड होतं. घाबरलेला माणूस नेमकं उलटं करतो. ओरडून श्वास सोडतो आणि दोन्ही हात वर करतो. 60 किलोच्या माणसाचा एक हात तीनेक किलोचा. दोन हात पाण्याबाहेर गेले की सहाएक किलोचा आधार सुटला, आणि तेवढा भार तोंड पाण्याखाली नेतो. हात पाण्यातच ठेवून मान मागे टाकली, तर नाक वर राहायला फार थोडा आधार पुरतो. आम्ही विहिरीत पोहायला शिकलो ते पाठीला वाळका भोपळा बांधून, पुढे पत्र्याचा डबा आला. बुडत्याला काडीचा आधार, ही म्हण जिनं केली तिला हिशोब नसेल जमला, कारण काडीनं काही होत नाही. पण पाच लिटरचा तेलाचा रिकामा कॅन, झाकण घट्ट लावलेला, जवळजवळ पाच किलो तोलतो, आणि माणसाचं डोकंही साधारण तेवढंच भरतं. शेततळ्याचा प्लॅस्टिकचा कागद ओला झाला की त्यावर पाय ठरत नाही, भलाभला पोहणारासुद्धा काठावर चढू शकत नाही. म्हणून तळ्याच्या काठी खुंटाला लांब दोर आणि दोराच्या टोकाला असा कॅन बांधलेला असावा. खर्च काहीच नाही.

वेळ संपत आली, पण पोरांसाठी एक काम देतो. बादलीभर पाण्यात एक संत्रं टाका, तरंगेल. सोला आणि पुन्हा टाका. वजन कमी झालंय, तरी बुडेल. सालीखालच्या पांढऱ्या थरात हवा असते, ती सालीबरोबर गेली. संत्रं नागपूरकडचं असलं तरी चालेल. आपल्या जालन्याच्या मोसंबीचं काय होतं, ते मात्र मी सांगणार नाही. बादली आणा आणि बघा.