दहा किलोमीटर तेच, दम मात्र वेगळा

(दृश्य: गोल्फ क्लब मैदानाचा जॉगिंग ट्रॅक, सकाळची वेळ)

लांब पल्ल्याचं धावणं नाशिकला नवं नाही. सावरपाड्याची कविता राऊत २०१० मध्ये ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत १०,००० मीटर धावली आणि बत्तीस मिनिटांच्या आत अंतर संपवून रौप्यपदक घेऊन आली. त्याच वर्षी दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत याच शर्यतीत तिला कांस्यपदक मिळालं होतं.

आता फुटबॉल बघा. व्यावसायिक खेळाडू, गोलरक्षक सोडला तर, एका सामन्यात साधारण १० ते १२ किलोमीटर अंतर कापतो. अंतर जवळपास तेवढंच, आणि हाताशी ९० मिनिटं. मग सत्तर-पंचाहत्तर मिनिटं झाली की भल्याभल्यांना धाप का लागते?

(दृश्य: मैदानावर सराव, बॉलमागे झेपावणारी मुलं)

कारण ते अंतर सलग नसतं. चालायचं, हलकं पळायचं, उडी मारायची, गर्रकन वळायचं, मागे सरकायचं, आणि मध्येच दोन-चार सेकंद जिवाच्या आकांतानं सुटायचं. एका सामन्यात खेळाडूची हालचाल हजाराहून अधिक वेळा बदलते. हृदयाचे ठोके सरासरी कमाल मर्यादेच्या ८० ते ९० टक्क्यांवर असतात.

त्या छोट्या स्प्रिंटची ऊर्जा मुख्यतः ऑक्सिजनशिवाय तयार होते. स्नायूंत क्रिएटिन फॉस्फेटचा थोडासा साठा असतो, तो काही सेकंदांतच बराच खाली येतो. पण तो पुन्हा भरायचा तर ऑक्सिजनच लागतो. ज्याचं हृदय एका ठोक्याला जास्त रक्त ढकलतं, ज्याचे स्नायू त्यातला ऑक्सिजन चटकन उचलतात, तो पुढच्या बॉलसाठी लवकर तयार होतो. फुटबॉलमधला दम म्हणतात तो हा. किती वेळ पळता यापेक्षा, पळून झाल्यावर किती लवकर सावरता, हे इथे मोलाचं.

याचा पडताळा नॉर्वेत घेतला गेला. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात साधारण अठरा वर्षांचे, वरच्या दर्जाचे ज्युनियर खेळाडू होते. एका गटानं नेहमीच्या सरावाला आठ आठवडे, आठवड्यातून दोनदा, एवढीच जोड दिली: चार मिनिटं जोरात पळायचं, ठोके कमाल मर्यादेच्या ९० ते ९५ टक्क्यांवर, मग तीन मिनिटं हलकं जॉगिंग, असं चार वेळा. शरीराची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता मिनिटाला, वजनाच्या दर किलोमागे ५८ मिलिलिटरवरून ६४ वर गेली. सामन्यात कापलेलं अंतर २० टक्क्यांनी वाढलं, बॉलशी संबंध २४ टक्क्यांनी वाढला आणि स्प्रिंटची संख्या दुप्पट झाली.

आणि मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट अशी, की त्या मुलांचा कमाल वेग वाढलाच नव्हता. वेग तोच, तो वापरायची संधी मात्र ती दुप्पट वेळा घेऊ शकली.

इथे एक सावधगिरी हवी. जो संघ जास्त पळतो तोच जिंकतो, असं मुळीच नाही. इंग्लंडमध्ये पहिल्या तीन स्तरांच्या लीगची तुलना झाली, तेव्हा खालच्या लीगचे खेळाडू वेगात जास्त अंतर पळताना आढळले. बॉल आपल्याकडे टिकत नसेल तर त्याच्यामागे धावावंच लागतं. दमामुळे कौशल्य येत नाही. आलेलं कौशल्य शेवटच्या मिनिटांपर्यंत पायात राहतं.

(दृश्य: मैदानाच्या कडेनं राऊंड मारणारी मुलं)

म्हणूनच आपल्याकडचं एक दृश्य खटकतं. सरावाला आलं की आधी मैदानाला दहा राऊंड, तेही एकाच संथ लयीत. पाया घालायला ते ठीक, पण सामन्यातली ती चढउताराची धाव त्यात येतच नाही. हाताशी वेळ थोडा, त्यातलाही अर्धा असा जातो, याची हळहळ वाटते.

उपाय महागडा नाही. प्रयोगशाळा नको, धाव मोजणारं जीपीएसचं जॅकेट नको. लहान चौकोन आखा, चार विरुद्ध चार खेळवा, बॉल बाहेर गेला की लगेच दुसरा आत टाका. चार मिनिटं खेळ, तीन मिनिटं हलकी चाल, पुन्हा खेळ. कनिष्ठ खेळाडूंवरच्या अभ्यासांत अशा छोट्या खेळांनी नुसत्या पळण्याइतकाच दम वाढलेला दिसला आहे, आणि पास द्यायचा सराव होतो तो वेगळाच.

जोर पुरेसा लागतोय की नाही, हे शिट्टी वाजताक्षणी मानेवर दोन बोटं ठेवून कळतं. सतरा वर्षांच्या मुलाची कमाल मर्यादा ढोबळमानानं मिनिटाला २०० ठोके धरतात. १० सेकंदांत ३० ठोके मोजले गेले, म्हणजे मिनिटाला १८०, मर्यादेच्या ९० टक्के, तर तो हव्या त्या जागी पोचलेला असतो.