क्लच जड झालाय, पण नेमका कुठे?

(आयटीआयच्या मोटर मेकॅनिक विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

टेबलावर दोन वस्तू ठेवल्यात. एक जुनी क्लच केबल, उभी चिरलेली, आणि दुसरी उतरवलेली प्रेशर प्लेट, म्हणजे क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर, इंजिनाच्या जड चाकावर, दाबून धरणारी. बोलता बोलता हातात घेऊन बघा.

चिपळूणला माझं गॅरेज आहे. "क्लच जड झालाय" म्हणून कुणी गाडी आणली की मी आधी चावी मागतो आणि स्वतः सीटवर बसतो. पेडल सावकाश दाबायचं आणि तितकंच सावकाश सोडायचं. दाबताना सगळेच लक्ष देतात, खरी खूण सोडताना मिळते. दाबताना जड आणि परत येताना सुस्त, अडखळत येणारं पेडल असेल, तर कुठेतरी घर्षण आहे: केबल, पेडलचा बुश, फोर्कचा, म्हणजे क्लचच्या बेअरिंगला ढकलणाऱ्या दांड्याचा शाफ्ट, नाहीतर ते बेअरिंग ज्या नळीवरून सरकतं ती नळी. घर्षण जाताना अडवतं, तसंच येतानाही अडवतं. उलट दाबताना जड, पण सोडताना पायाला जोरात मागे ढकलत असेल, तर प्रेशर प्लेटमधली स्प्रिंगच ताठ झालीय, म्हणजे तिकडे बघायचं. एवढ्याने अर्धं निदान होतं, आणि अजून पान्याला हात लागलेला नसतो.

दुसरी पायरी म्हणजे गाडीचे दोन भाग पाडणं. केबलचा क्लच असेल तर गिअरबॉक्सकडचं टोक फोर्कवरून सोडवा आणि केबल हाताने ओढून बघा. आतली तार लोण्यासारखी सरकली पाहिजे. करकरली, अडकली, तर दोष तिथेच. सरकली, तर मग फोर्क हलवून बघा. हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबावर चालणारा क्लच असेल आणि फोर्कला ढकलणारा स्लेव्ह सिलिंडर बाहेर बसवलेला असेल, तर तो बाजूला घेऊन फोर्क तपासता येतो. पण स्लेव्ह सुटा असताना पेडलवर पाय ठेवू नका, कुणाला ठेवूही देऊ नका. पिस्टन बाहेर उडतो आणि सगळं ऑइल जमिनीवर.

हायड्रॉलिकमध्ये एक गैरसमज फार आहे. पेडल जड झालं की एअर काढायला घेतात. लाइनमध्ये हवा शिरली तर पेडल मऊ पडतं, स्पंजसारखं लागतं. जड होत नाही. जड व्हायला होज, म्हणजे ऑइलची रबरी नळी, आतून फुगून वाट अरुंद झालेली असते किंवा सिलिंडरमधले रबर सील फुगलेले असतात. सील फुगण्याचं नेहमीचं कारण म्हणजे ब्रेक ऑइलच्या डब्यात कुणीतरी इंजिन ऑइल किंवा स्टिअरिंगचं ऑइल ओतलेलं असतं. झाकणावर डॉट ३ किंवा डॉट ४ लिहिलेलं असतं, ते वाचा आणि तेच घाला.

आता ही केबल बघा. आतलं नायलॉनचं अस्तर इथे वितळून तारेला चिकटलंय. ही शाळेची मुलं नेणाऱ्या एका काकांच्या व्हॅनची. वर्षात दोन केबल बदलून झाल्या होत्या, तरी तिसरी जड. डावा गुडघा इतका दुखायचा की ते हाडांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले होते. एका ठिकाणी त्यांना अख्खा क्लच सेट टाकायला सांगितलं होतं. मी बॉनेट उघडलं, तर इंजिनपासून बॉडीला जाणारी अर्थिंगची पट्टी जोडलेलीच नव्हती. आधीच्या कुठल्यातरी कामात सुटून राहिलेली. स्टार्टर मारला की मोठा करंट परतीची वाट शोधतो, आणि त्याला क्लचची केबल सापडते. तार तापते, अस्तर वितळतं. पट्टी जोडली, केबल टाकली, काम संपलं. त्या माणसाने वर्षभर दुखरा पाय घेऊन मुलांना शाळेत पोचवलं, हे मला आजही लागतं. म्हणून सांगतो, केबल पुन्हा पुन्हा जात असेल तर केबलला दोष देऊन थांबू नका. अर्थिंग बघा, तिचा रस्ता बघा, कुठे तीव्र वळण आहे का, सायलेन्सरच्या पाइपाला टेकतेय का.

आमच्याकडे पाऊस आणि गंज हाही विषय आहेच. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं, त्यानंतर बुडालेल्या गाड्यांच्या केबल आणि फोर्कचे शाफ्ट मी कितीतरी दिवस सोडवत होतो. अशा केबलमध्ये ऑइल सोडून वेळ मारून नेऊ नका. अस्तरवाल्या केबलला ऑइल लागत नाही, उलट त्यावर धूळ बसते. नवी टाका.

आता प्रेशर प्लेट. मधली ही पोलादाची बोटं, म्हणजे डायाफ्राम स्प्रिंग. क्लच प्लेटचं लायनिंग झिजलं की प्रेशर प्लेट फ्लायव्हीलकडे सरकते आणि ही बोटं उलट, गिअरबॉक्सकडे येतात. स्प्रिंगचा कोन बदलतो आणि ती दाबायला जास्त जोर लागतो. म्हणजे प्लेट पातळ होते तसं पेडल जड होत जातं. हे महिनोन्‌महिने हळूहळू घडतं, त्यामुळे मालकाच्या पायाला सवय होते आणि त्याला कळतही नाही. सोबत क्लच वर येऊन सुटायला लागतो, आणि कुंभार्ली घाटात चौथ्या गिअरला इंजिन ओरडतं पण गाडी ओढत नाही. या खुणा एकत्र दिसल्या तर गिअरबॉक्स बिनधास्त उतरवा. आणि उतरवलाच, तर बेअरिंगच्या नळीवर बोट फिरवा. खाच लागली तर नळीही बदला, नाहीतर नवा सेट टाकूनही पेडल अडखळतच राहील.

बाहेर दोन गाड्या उभ्या केल्यात. एकीची केबल खराब आहे, दुसरीची प्लेट झिजलीय. कुठली कोणती, ते सांगणार नाही. बॉनेट उघडायचं नाही. एकेकाने बसा, पेडल दाबा, सावकाश सोडा, आणि वहीत लिहून माझ्याकडे या.